टाळीची जागा

बाईंचा हात खांद्यावर पडला तेव्हा सलीमाच्या तोंडात सेफ्टी पिना होत्या. समोर तिची सगळ्यात धाकटी विद्यार्थिनी दोन्ही हात पसरून उभी होती आणि तिच्या ओढणीची चुणी काही केल्या कमरेवर बसत नव्हती. हात कुणाचा हे बघायला मान वळवावी लागली नाही. पाठीनंच तो ओळखला. आधी बोटांची टोकं टेकतात, मग सावकाश तळवा, आणि मग त्या तळव्याचं सगळं वजन. "सलीमा," बाई म्हणाल्या. म्हणाल्या म्हणजे ओठ हलले आणि त्यांतून हवा आली. घशाच्या ऑपरेशननंतर आनंदीबाईंचा आवाज एवढाच उरलाय, हे तिच्या कानावर आलं होतं. प्रत्यक्ष ती आज पहिल्यांदाच अनुभवत होती. "वैजयंतीला ताप भरलाय. शाल्मलीच्या पढंतीला तू बस." एवढं बोलून हात उचलला गेला. ते विचारणं नव्हतं. सलीमानं पिना एकेक करून तोंडातून काढल्या, मुठीत धरल्या आणि म्हणाली, "बरं, बाई."

त्या 'बरं'चं तिला मागाहून नवल वाटत राहिलं. इतक्या वर्षांत बाईंना ऐकवायची म्हणून किती वाक्यं तिनं घडवून ठेवली होती. विश्रांतवाडीच्या घरी ओट्याशी भाकरी थापताना, आळंदी रस्त्यानं येणाऱ्या बसची वाट बघताना, नवऱ्याचा, इम्तियाजचा, कारखान्यात जायचा शर्ट इस्त्री करताना. काही वाक्यं इतकी धारदार झाली होती की तिची तिलाच भीती वाटायची. बाई समोर येतील, आपण शांतपणे एक वाक्य बोलू आणि बाईंना खाली बसावं लागेल, असं ते चित्र होतं. त्या चित्रात बाई नेहमी चाळिशीच्या, ताठ, खणखणीत आवाजाच्या असायच्या. आज त्या आल्या त्या भिंतीला धरून, मफलर गुंडाळून, आणि मागितलं काय तर आवाज. आपला आवाज गेला म्हणून तिचा मागितला. आणि ती 'बरं' म्हणाली. बाईंच्या क्लासला पन्नास वर्षं झाली म्हणून जुन्या शिष्यांनी आपापल्या विद्यार्थिनी घेऊन यावं, असा निरोप आला तेव्हा इम्तियाजनं विचारलं होतं, की तू जाणार आहेस? ती म्हणाली होती, मुलींना मोठा रंगमंच मिळेल. ते खरं होतं. पण मुलींची नावं कळवली त्या दिवशी तिला झोप लागली नव्हती, आणि ते मुलींच्या काळजीनं नव्हतं. बाईंनी आपल्याला बघावं, एवढंच तिला हवं होतं असं तिनं स्वतःला समजावलं होतं. आता मेकअपच्या त्या खोलीत, आरशाभोवतीच्या दिव्यांच्या उष्ण उजेडात, पावडरच्या, मोगऱ्याच्या आणि कोपऱ्यात ठेवलेल्या बटाटेवड्यांच्या वासात उभी असताना तिच्या लक्षात आलं, की बाईंनी आपण होऊन काहीतरी तिच्या मुठीत आणून ठेवलंय. शाल्मली बाईंची नात. आज तिचं पहिलं एकटीचं नृत्य. आणि पढंतीला बसणारी बाई म्हणजे नाचणारीचा जीव. बोल आधी ती म्हणते, ताल हातावर ती धरते, आणि तिनं धरलेल्या हातावर नाचणारी विसंबते. तो हात किंचित हलला तर नाचणारी कुठल्या कुठे जाऊन पडेल. हे बाईंपेक्षा जास्त कुणाला ठाऊक होतं?

धाकटीची चुणी एकदाची बसली. "ताई, आमचं चुकलं तर?" तिनं विचारलं. प्रत्येक कार्यक्रमाआधी कुणीतरी हे विचारायचीच, आणि सलीमाचं उत्तर ठरलेलं होतं. चुकलं तर हसायचं आणि शेजारणीचे पाय बघून पुढे जायचं, मी तुमच्याबरोबर आहे. ते ऐकलं की मुलींचे खांदे खाली यायचे. आजही आले. शिकवायला लागल्यापासून कुठल्याही मुलीला तिनं चारचौघांत 'पुन्हा घे' म्हणून उभं केलं नव्हतं. चूक दिसली की क्लास संपल्यावर, चपला घालताना, सहज बोलल्यासारखं सांगायची. लहान मुलांना ताल शिकवताना ती सांगे की ताल म्हणजे गावाला घातलेला फेरा आणि सम म्हणजे आपलं घर. कुठंही हिंडा, उड्या मारा, गिरक्या घ्या, पण फेरा संपला की पाऊल घराच्या उंबऱ्यावर पडलं पाहिजे, त्याच वेळी माझी टाळी वाजेल. तिचा क्लास भरे त्या सोसायटीच्या हॉलमधल्या आया म्हणायच्या, सलीमाताई, तुमच्यात फार माया आहे. त्या असं म्हणाल्या की तिला आत कुठंतरी खरचटायचं. कारण ती माया कुठून येते हे तिला माहीत होतं. प्रत्येक मुलीला सांभाळून घेताना ती मनात बाईंना म्हणत असे, बघा, हे असं करतात. इतकी वर्षं ती बाईंना दाखवत होती, आणि बाई बघत नव्हत्या.

पानशेतचा पूर आला त्याच्या दुसऱ्या वर्षीची गोष्ट. अब्बा म्हणजे रज्जाक मणियार बांगड्यांची पेटी सायकलला बांधून हिंगण्यापर्यंत जायचे. तेव्हा तिकडं कर्वेनगर नव्हतं, शेतं होती. सुट्टीत सलीमा मागच्या कॅरियरवर बसून जाई. आनंदीबाईंच्या सासरच्या घरी ओसरीवर बायका गोळा व्हायच्या आणि अब्बा एकेकीचा हात दोन्ही हातांत घेऊन, बोटं एकत्र दाबून, बोलता बोलता काचेची बांगडी अशी चढवायचे की बाईमाणसाला कळायचंही नाही. आनंदीबाई त्या बायकांत बसत नसत. तरुण वयात नवरा गेलेला. मळ्यात वाटा मागितला नाही, मागितली ती शहरात नाच शिकायला जायची मोकळीक. दिरांनी बोलणं टाकलं होतं, गावानं नावं ठेवली होती, तरी त्यांनी शिकून घेतलं आणि मळ्याकडेच्या खोलीत क्लास काढला. गावची बोली जिभेवरून त्यांनी अशी घासून काढली होती की सदाशिव पेठेतल्या बायकांनीही त्यांच्यासमोर जरा जपून बोलावं. बांगड्यांच्या किणकिणाटावर पाय आपटत बसलेली मणियाराची मुलगी त्यांनी पाहिली आणि अब्बांना म्हणाल्या, रज्जाकभाई, ही मला द्या. अब्बा हसले. त्यांना वाटलं थट्टा आहे. घरी दादी, अख्तरबानू, हसली नाही. तिनं अंथरुणावरून विचारलं, मणियाराची पोर आता लोकांसमोर नाचणार का? अम्मी, अमिनाबी, काही बोलली नाही. तिचं न बोलणं म्हणजे नकारच होता. अब्बांनी मात्र घरात पहिल्यांदा आपलं खरं केलं. म्हणाले, एकदा तिला नाचताना बघा आणि मग काय ते म्हणा. म्हणून पुढं तिच्या पहिल्या कार्यक्रमाला त्यांनी सगळ्यांना नेलं. दादीला टांग्यानं. धुतलेली शेरवानी घालून तिसऱ्या रांगेत बसले, हात गुडघ्यांवर. सलीमाला रंगमंचावरून त्यांचे हात दिसत होते.

आणि ती चुकली. चौदा वर्षांच्या मुली चुकतात तशी चुकली. तिसऱ्या पलट्याला, म्हणजे त्याच तुकड्याच्या तिसऱ्या फेऱ्याला, एक मात्रा आधी उठली आणि पाऊल उंबऱ्याच्या अलीकडेच पडलं. पढंतीला बाई होत्या. साथीदारांत अशा वेळी एक न बोललेला रिवाज असतो. नाचणारी लहान असेल तर तिचं पाऊल जिथं पडेल तिथं सम आणून ठेवायची. तबला झेप घेतो, पेटी मागून धावते, टाळी मोठ्यानं वाजते आणि सभागृहातल्या बहुतेकांना काही कळत नाही. बाईंनी टाळी हलवली नाही. सलीमा हात वर करून, हसू चेहऱ्यावर धरून उभी राहिली, आणि घुंगरू थांबल्यावरच्या शांततेत बाईंची टाळी उशिरा, खणखणीत, एकटी वाजली. मग बाई लोकांसमोर म्हणाल्या, "पुन्हा." दुसऱ्यांदाही ती चुकली, कारण पहिल्या चुकीचा पाय अजून जमिनीवरच होता. "पुन्हा." तिसऱ्यांदा तिला उठताच आलं नाही. ती तशीच उभी राहिली, घुंगरू आपोआप थरथरत राहिले, आणि तो आवाज सगळ्या सभागृहाला ऐकू गेला. मागून कुणीतरी हसलं. तिनं तिसऱ्या रांगेत पाहिलं तेव्हा अब्बांचे हात गुडघ्यांवर नव्हते. ते उठून दादीला धरून बाहेर नेत होते. विंगेत बाई तिला जवळ घेऊन म्हणाल्या होत्या, आपल्यासारख्यांना चुकायची चैन परवडत नाही, सलीमा. लोक आपल्या चुकीचीच वाट बघत असतात. 'आपल्यासारख्यांना' म्हणताना त्यांनी स्वतःलाही तिच्यात धरलं होतं, आणि त्या क्षणी सलीमाला त्यांचा सगळ्यात जास्त राग आला होता. घरी दादी एवढंच म्हणाली, "देख लिया?" अब्बा पुढं कधी त्या विषयावर बोलले नाहीत. हिंगण्याला जाणंही त्यांनी सोडलं. वारले तोवर त्यांनी तिला पुन्हा नाचताना पाहिलं नव्हतं. लग्नानंतर, कॅम्पातल्या एका म्हाताऱ्या गुरूंकडे तिनं पहिल्यापासून सगळं शिकून घेतलं, परीक्षा दिल्या, क्लास काढला. पण तिसऱ्या रांगेतली ती जागा रिकामीच राहिली. जी गोष्ट एका टाळीनं मोडली ती दुसऱ्या कशानं सांधत नाही, हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.

"सलीमाताई, घुंगरू जरा घट्ट बांधाल?" शाल्मलीनं स्टुलावर बसून पाय पुढं केला. सलीमा खाली बसली. मुलीचे पाय थंड होते, भर एप्रिलमध्ये. दोरीचा एक वेढा, दुसरा वेढा, प्रत्येक वेढा आधीच्यावर नीट बसवत ती वर सरकत होती आणि तिच्या मनात काय चाललंय याची त्या पायाला काही कल्पना नव्हती. मान बाईंची. कपाळ बाईंचं. डावा पाय किंचित आत वळलेला, तोही बाईंचा. गाठ सैल ठेवली तर? नाही. ते हलकट होईल, आणि कळेल. बोल म्हणताना लय हळूच वर सरकवली तर ते मात्र कुणाला कळणार नाही. तबलजी पढंतीमागे जातो, पेटी तबल्यामागे. तेवढी लय कुणीही चढवतं. या मुलीचा दम किती आहे ते सलीमानं दुपारच्या तालमीत पाहिलं होतं. मुलगी चांगली होती, पण भीती गिळताना श्वासही गिळत होती. तिसऱ्या पलट्याला दम संपेल. मग बाई काय करतील? काही करू शकणार नाहीत. फक्त बघतील. एका मुलीला लोकांसमोर उभं असलेलं बघणं म्हणजे काय ते एकदा बघतील, तिसऱ्या रांगेतून नाही, पार जवळून. हा विचार इतका स्वच्छ होता की सलीमाला त्याचा त्रासही झाला नाही. उलट घशाशी पाणी प्यायल्यासारखं गार वाटलं.

"मला ना, तो शेवटचा चक्रदार जमत नाहीये," शाल्मली म्हणाली. चक्रदार म्हणजे तेच बोल तीनदा नाचून समेवर यायचं. "आजीनं सांगितलंय, चुकलीस तर तिथल्या तिथं पुन्हा घ्यायचा. लोक असले तरी. म्हणाली, माझ्या क्लासमध्ये कुणासाठी नियम बदललेला नाही."

सलीमाचे हात गाठीवर थांबले. "असं म्हणाल्या?"

"तुम्हालाही असंच शिकवलं असेल ना?"

"हो," सलीमा म्हणाली. "मलाही." गाठ तिनं घट्ट मारली. एखाद्या आपल्या मुलीला इथं तिनं काहीतरी सांगितलं असतं; हसत राहा, मी आहे ना, असं काही. जीभ तयारही झाली होती. पण ती उठली, हात ओढणीला पुसले आणि म्हणाली की चल, तिसरी घंटा व्हायची वेळ झाली.

रंगमंचावर डाव्या बाजूला गादीवर ती बसली. शेजारी तबल्याला यज्ञेश्वरबुवा, त्यांच्या पलीकडे पेटीवर श्याम. यज्ञेश्वरबुवांनी तबल्याला हातोडी लावत विचारलं, की वैजयंतीबाईंना ताप नेमका आजच कसा काय यावा, पुण्यात ताप येतो तो कार्यक्रमाच्या दिवशीच. सलीमा हसली नाही. पडदा सरकला. समोरच्या विंगेत, सभागृहाला न दिसेल अशा बेतानं, बाईंना खुर्ची दिली होती. मध्ये सगळा उजळलेला रंगमंच आणि पलीकडे अंधारात त्या. मांडीवर हात. शाल्मली नमस्कार करून उभी राहिली आणि सलीमानं पहिले बोल म्हणायला सुरुवात केली तसा बाईंचा हात मांडीवर चालू लागला. टाळी, टाळी, मोकळा हात, टाळी. सलीमाचा हात जे करी तेच तो हात करी. आरशात बघावं तसं. ते दोन हात एकाच वेळी खाली येत होते आणि मधून ती मुलगी फिरत होती. तिला एकदम आठवलं, की लहानपणी त्या खोलीत बाईंच्या समोर बसून असाच हात चालवायचा सराव ती करायची, आणि तिचा हात बाईंच्या हातावर तंतोतंत पडला की बाई डोळे मिटायच्या. डोळे मिटणं म्हणजे शाबासकी. तेवढ्यासाठी ती आठवडा काढायची. हे आठवायचं कारण नव्हतं. तिनं ते झटकलं, आणि पुढचा तोडा, बोलांचा पुढचा तुकडा, म्हणताना लय एका केसानं वर घेतली.

यज्ञेश्वरबुवांनी एकदा तिरक्या नजरेनं पाहिलं आणि मागे आले. श्यामची पेटी मागे आली. शाल्मलीही आली. मुलीनं ती लय पेलली. पुढच्या तोड्याला आणखी एक केस. मुलीनं तीही पेलली, आणि तिच्या चेहऱ्यावर एक वेगळाच उजेड आला, तयार नसलेल्या माणसाला आपण तयार आहोत असं वाटल्यावर येतो तसा. सभागृहातून 'वा!' अशी दाद आली. सलीमाला अचानक आनंद झाला, शिक्षिकेला होतो तो, आणि त्याच क्षणी त्या आनंदाची चीड आली. हा आनंद आपला नाही. ही मुलगी आपली नाही. समोर अंधारात बाईंचा हात बिनचूक चालला होता. मान मात्र थोडी पुढं आली होती. लय कुणी चढवली हे त्यांना कळलं होतं. कळू दे. सलीमानं त्यांच्याकडं पाहतच चक्रदाराचे बोल म्हटले, स्पष्ट, सुटे, एकही अक्षर न गिळता, आणि हात उचलला.

पहिला फेरा सुरेख गेला. दुसऱ्यात श्वास ऐकू यायला लागला. तिसऱ्याला शाल्मली एक मात्रा आधी उठली.

साथीदारांना ते तिघांनाही एकदम कळलं. यज्ञेश्वरबुवांची मान वर झाली. त्यांचे डोळे सलीमाच्या हातावर आले, कारण अशा वेळी हातच कायदा असतो. तो सांगेल तिथं तबला जाणार. मुलगी गिरक्या घेत होती, तिला कळलंच नव्हतं किंवा कळूनही थांबता येत नव्हतं, आणि तिचं शेवटचं पाऊल कुठं पडणार हे आता दगडावरच्या रेघेइतकं पक्कं होतं. तेवढा वेळ फार थोडा होता, पण सलीमाला तो फार मोठा वाटला. त्यात तिसरी रांग मावली, टांगा मावला, दादीचा तो शब्द मावला. हात सांभाळून घ्यायला आपसूक निघाला. इतक्या वर्षांची सवय ती. हजार मुलींना त्यानं सांभाळलं होतं. तिनं तो मुद्दाम धरला. खऱ्या तालावर घट्ट धरला आणि समोर पाहिलं. तुम्ही सांगा, बाई. तुमचा नियम आहे. तुमची नात आहे. मी काही करणार नाही. मी फक्त तुमच्या मागून येईन.

बाईंचा हात मांडीवर खऱ्या तालानं चालला होता. एकदा खाली आला. पुन्हा खाली आला. मग हवेत अडकला. सलीमानं तो अडकलेला पाहिला. म्हाताऱ्या माणसाचा हात, बोटं जराशी पसरलेली, कुठं जावं हे न कळणारा. आणि शाल्मलीचं पाऊल पडलं त्याच क्षणी तो हात, जिथं पडायला नको होता तिथं, तिच्या पावलाबरोबर मांडीवर पडला.

मग सलीमानं टाळी दिली. नेमकी त्याच जागी. यज्ञेश्वरबुवांचा ठोका तिच्यावर येऊन आदळला, पेटी अडखळली आणि सावरली, आणि सभागृह टाळ्यांनी भरून गेलं. शाल्मली हात वर करून, धापा टाकत, हसत उभी होती. तिच्या पलीकडं अंधारात बाईंनी तो हात दुसऱ्या हाताखाली लपवला होता.

मध्यंतरात मेकअपच्या खोलीत एकच कालवा होता. मुली वडे खात होत्या, कुणाची आई तेलकट बोटं पोशाखाला लागतील म्हणून ओरडत होती. यज्ञेश्वरबुवा चहाचा कप घेऊन दारातून डोकावले आणि म्हणाले, "काय सलीमाताई, आज सम जरा पाय मोकळे करायला गेली होती म्हणायची." तिच्या उत्तराची वाट न बघता ते गेले. बाई भिंतीला धरून आत आल्या आणि तिच्या समोरच्या स्टुलावर बसल्या. मग त्या हवेच्या आवाजात, घासून काढलेली सगळी भाषा विसरून, त्यांनी विचारलं, "सम कुठं व्हती, सलीमा?"

"तुमची टाळी पडली तिथं, बाई."

तीस-बत्तीस वर्षांत घडवलेल्या वाक्यांपैकी हे नव्हतं. पण ते बरोबर जागी जाऊन बसलं. बाईंच्या चेहऱ्यावर ते बसताना तिला दिसलं. ती थांबू शकली असती. थांबली नाही. "नियम कुणासाठी बदलत नाही म्हणे," ती म्हणाली, अगदी हळू, शेजारच्या मुलींना ऐकू जाणार नाही अशी. "मणियाराच्या पोरीसाठी बदलला नाही, ते मी समजून होते."

तेवढ्यात शाल्मली धावत आत आली. गजरा निसटून कानावर लोंबत होता. "आजी, तो शेवटचा बरोबर आला ना? मला मध्येच वाटलं, मी आधी उठले. पण टाळी माझ्याबरोबरच पडली. म्हणजे सम आली ना?" तिनं आधी आजीकडं पाहिलं, मग सलीमाकडं, मग पुन्हा आजीकडं. बाईंनीही सलीमाकडं पाहिलं. त्या डोळ्यांत जे होतं ते तिनं त्यांच्यात कधी पाहिलं नव्हतं. त्या मागत होत्या. तू सांग, म्हणत होत्या. तुला सवय आहे, तुझ्या तोंडून ते खोटं वाटणार नाही. सलीमाला खरंच सवय होती. 'आली, बेटा', एवढं म्हणायला काही लागलं नसतं. ती वाकली आणि जमिनीवर सांडलेल्या पिना वेचायला लागली.

बाईंचे ओठ हलले. हवा आली.

"काय?" शाल्मली म्हणाली.

"मोठ्यानं सांगा, बाई," सलीमा खालूनच म्हणाली. "तिला ऐकू नाही आलं."

बाईंनी स्टुलाची कड धरली. गळ्याच्या शिरा ताणल्या, मफलर हलला, आणि जाड कापड फाटावं तसा एक आवाज त्यांच्यातून बाहेर आला. "आली. सम बरोबर आली." खोलीतल्या मुली वडे हातात धरून वळल्या. त्यांना ते कुठून आलं कळेना. शाल्मलीच्या चेहऱ्यावरची सगळी भीती एका क्षणात ओसरली. ती आजीच्या मांडीवर डोकं घासून उठली, मला वडा ठेवलाय का ग, असं कुणाला तरी विचारत गेली, आणि गर्दीत मिसळून गेली. जणू काही झालंच नव्हतं. तिच्यापुरतं काही झालंही नव्हतं.

सलीमा पिना मुठीत घेऊन उभी राहिली. हवं होतं ते मिळालं होतं. आता गोड लागेल म्हणून ती वाट बघत राहिली. त्याऐवजी तिला दिसत राहिली ती वडा शोधायला गेलेली मुलगी. इतकंच होतं. इतकी वर्षं तिला वाटत आलं होतं, की 'आली' हा एक शब्द आणि बाई यांच्यामध्ये काहीतरी मोठं उभं होतं. साधना म्हणा, तत्त्व म्हणा, गावानं दिलेल्या शिव्या म्हणा. काहीतरी असं, की जे ओलांडणं बाईंना शक्यच नव्हतं. त्या तसं काही मानतात, म्हणून तर त्यांचा द्वेषही तिनं मानानं केला होता. आणि मध्ये काहीच नव्हतं. घसा नसलेल्या माणसालाही उच्चारता येईल एवढाच तो शब्द होता. त्या दिवशी तो उच्चारला असता तर अब्बा बसून राहिले असते. बाई अजून स्टुलावर होत्या, मान खाली, मांडीवर दोन्ही हात उताणे. त्यांच्याकडं बघून तिला दया यायला हवी होती. आला तो राग, जुना नव्हे, कोरा करकरीत, आजचा, आणि तो आता कुठं नेऊन टाकायचा हे तिला कळेना.

"माझ्या मुलींचा नंबर आलाय," ती म्हणाली आणि विंगेत गेली. तिथं अंधारात तिच्या मुली एकमेकींच्या ओढण्या धरून रांगेत उभ्या होत्या. पलीकडं पडदा सरकण्याचा आवाज झाला. रांगेच्या टोकाला धाकटी होती. तिनं मान वर करून, विसरल्यासारखं, पुन्हा विचारलं, "ताई, पण चुकलं तर?"

सलीमानं तिच्याकडं पाहिलं. तिच्या कपाळावरची बिंदी सरळ केली, आणि ठरलेलं उत्तर न देताच तिला उजेडात ढकललं.